शुभेच्छापत्राच्या पाठीवरचा पत्ता

दिवाळीच्या पहाटे मोबाइल शुभेच्छांनी भरून जातो. त्यातल्या किती खास आपल्यासाठी आणि किती सगळ्यांसाठी, हे ओळखणं मात्र अवघड असतं. शुभेच्छापत्राच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. पाठीवर नाव आणि पत्ता घातल्याशिवाय ते पेटीत पडतच नसे.

लेखी निरोपाला मंगल रूप देणं आपल्याला नवं नाही. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू आपण आजही लावतो. पण छापील शुभेच्छापत्र आलं ते स्वस्त टपालाच्या पाठोपाठ. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल या गृहस्थांनी नाताळच्या पत्रांना एकेक उत्तर लिहिण्यापेक्षा जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालाच्या बारापट! कार्ड सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला छपाई स्वस्त व्हावी लागली.

आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं आणि १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. रंगीत छपाईचा एक मोठा अध्याय तर आपल्या शेजारीच घडला. चिंचवडहून लोकलने निघालं, की लोणावळ्याच्या अलीकडे मळवली लागतं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना त्या शतकाच्या अखेरीस मळवलीला आला. इथे दगडी शिळांवरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डंही निघाली. १९७२ च्या आगीत तो छापखाना नष्ट झाला.

पुढे शुभेच्छापत्रांची खरी गरज भासली ती आपल्यासारख्या उद्योगनगरीला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातून माणसं इथे आली. सणाला प्रत्येकालाच रजा मिळायची नाही. मग गावाकडे मनिऑर्डर जाई, तिच्या मागोमाग कार्ड. पाकीट न चिकटवता झाकण आत खोचलं आणि वर ‘बुक-पोस्ट’ लिहिलं, की तिकीट कमी लागे. संक्रांतीच्या कार्डात हलव्याचे चार दाणे असत. टपालाचे शिक्के खाऊन त्यांचा बहुधा चुराच पोचे. तरी तो चिमूटभर तोंडात टाकला जाईच!

घाईच्या माणसाला तारेची सोय होती. ठराविक शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत. एक म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, आठ म्हणजे सुखी वैवाहिक जीवनाच्या. नुसता आकडा लिहायचा, मजकूर पलीकडचं तारघर पुरवी. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवाच बंद झाली. त्याआधीच फोन आणि मोबाइलने कार्डांची जागा घेतली होती. तयार मजकूर पाठवण्याचा दोष म्हणूनच एकट्या मोबाइलला देता येणार नाही. कार्डावरचा मजकूरही छापीलच होता. हाताने लिहिलेलं काय असे? नाव, पत्ता आणि सही.

आणि नेमकं तेच महत्त्वाचं होतं. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात आता जपानी कंपन्या आहेत. जपानमध्ये नववर्षाची पोस्टकार्डं १ जानेवारीलाच घरी पोचवण्याची प्रथा आहे. २००३ च्या सुमारास त्यांची संख्या वर्षाला चारशे कोटींवर होती. आता ती खूपच घटली आहे. पण तिथला एक संकेत ऐकण्यासारखा आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, ते घर आधीच तसं कळवतं आणि त्याला नववर्षाचं अभिनंदन कोणी पाठवत नाही. आपल्याकडेही अशा घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत. शेजारीपाजारी आणून देतात.

पत्त्यांची वही उघडून एकेक नाव लिहिताना हात अशा घराशी आपोआप थबकत असे. या घरी यंदा कार्ड नको, चार ओळींचं पत्र हवं, हे तिथेच सुचे. सगळ्यांना एकदम पाठवलेला संदेश मात्र त्या घरीही फुलबाज्या उडवत पोचतो.

मोबाइल सोडायला कोणी सांगत नाही. पण येत्या दिवाळीला यादीतली निदान पाच नावं वेगळी काढावीत. त्यांचं यंदाचं वर्ष कसं गेलं हे आठवावं आणि मगच लिहावं. कार्डावर लिहिलं तर उत्तमच. तेवढ्यासाठी त्यांचा पत्ता तरी विचारला जाईल.