आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे!

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आपल्याकडे कुणाला माहीत नाही? पण या म्हणीचा खरा अर्थ कळायला कुठल्याही खिडकीसमोर एकदा उभं राहावं लागतं. काम झालं तर झालं, नाही तर आहेच आपलं "उद्या या"!

खिडकीवरची उत्तरं सगळीकडे सारखीच असतात. बँक असो, मोबाईलचं दुकान असो, नाही तर कुरिअरवाला. "सर्व्हर डाऊन हाय." "साहेब मीटिंगमधी हायेत." "झेरॉक्स आणली का? दोन लागतात." आणि सगळ्यांत भारी म्हणजे फोनवरची ती गोड आवाजाची बाई. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा." त्यानंतर पंधरा मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजतं आणि फोन कट! एवढा महत्त्वाचा कॉल होता तर उचलायचा ना राव!

पण मंडळी, आपण इंजिनिअरिंगची पोरं. नुसतं चिडून कसं चालेल? ही रांग लागते का, ते जरा बघू.

रांगेचं गणित

या गणिताचा मूळ पुरुष म्हणजे डेन्मार्कचा ए. के. एर्लांग. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. किती लाइनी ठेवल्या म्हणजे गिऱ्हाइकाला ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्यावरचा त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. ईएनटीसीवाल्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल, कारण टेलिफोन ट्रॅफिकचं एकक त्याच्याच नावाने आहे.

समजा एका खिडकीवर एक क्लार्क आहे आणि त्याला एका माणसामागे सरासरी ४ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १५ माणसं तो उरकू शकतो. लोक ठरवून येत नाहीत, कधी एकदम चार येतात, कधी दहा मिनिटं कुणीच नाही. आता तासाला १२ जण आले तर प्रत्येकाला रांगेत सरासरी १६ मिनिटं उभं राहावं लागतं. आणि १४ जण आले तर? तुम्ही म्हणाल, दोनच माणसं वाढली, १८-२० मिनिटं होतील. नाही! थेट ५६ मिनिटं! क्लार्क तोच, त्याचा वेगही तोच.

पुढची गंमत बघा. त्याच १४ जणांसाठी दुसरी खिडकी उघडली आणि दोन्हींसाठी रांग एकच ठेवली, तर सरासरी थांबणं एका मिनिटाच्या जरासं वर येतं. ५६ वरून १! ज्याला खोटं वाटतं त्याने क्यूइंग थिअरीचं सूत्र काढून ताळा करावा.

म्हणून खिडकीतल्या माणसावर डाफरण्यात अर्थ नसतो. दुसरी खिडकी उघडणं त्याच्या हातात नाही. ती उघडायची की नाही हे वर बसलेला कुणीतरी ठरवतो. त्याच्या हिशोबात दुसऱ्या क्लार्कचा पगार हा खर्च आहे, आणि आपली ५६ मिनिटं? ती फुकट! आपला वेळ त्यांच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. सगळी गोम इथेच आहे. ज्या गोष्टीला किंमत नाही ती वाया घालवायला कुणालाच काही वाटत नाही.

शंभर रुपये रोज

मग आपल्या वेळेला किंमत लागते कधी? माझाच अनुभव सांगतो. बँकेचं नाव सांगत नाही. एटीएममधून २००० रुपये काढायला गेलो. मशीन घरघरलं, पैसे काही आले नाहीत, पण खात्यातून कापल्याचा मेसेज मात्र लगेच आला. मेसचे पैसे होते ते. शाखेत गेलो तर म्हणे, "होतील जमा आपोआप." चार दिवसांनी गेलो, तेच उत्तर. रूमपार्टनर म्हणाला, "जाऊ दे ना राव, कुठं नादी लागतोस!"

पण रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यातून कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते परत जमा व्हायला पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. तारीख, वेळ, रक्कम, आदेशाची तारीख. दोन प्रती काढल्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्का मारताना क्लार्कने पहिल्यांदाच माझ्याकडे वर मान करून बघितलं! सोळाव्या दिवशी २००० जमा झाले आणि त्यावर ११ दिवसांचे ११०० आले.

ही काही माझी हुशारी नाही. शिक्का बसला की दिवस मोजणं सुरू होतं आणि थांबण्याचा खर्च आपल्याकडून त्यांच्याकडे सरकतो. तोंडी भांडण म्हणजे ओपन लूप सिस्टीम. तुम्ही कितीही ओरडा, फीडबॅक कंट्रोलरपर्यंत पोहोचतच नाही. तारीख आणि तक्रार क्रमांक असला की लूप क्लोज होतो.

दुकानातल्या पाट्या

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी आपण देवाच्या फोटोइतकीच श्रद्धेने वाचतो. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो, की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. बिल न देणं हेसुद्धा त्याच यादीत येतं. (रंग आवडला नाही म्हणून शर्ट परत, असं मात्र नाही हं! माल सदोष पाहिजे.)

तीच गोष्ट स्टेशनवरच्या पाण्याच्या बाटलीची. छापील किमतीवर "कूलिंगचे" म्हणून जादा पैसे घेणं हा गुन्हा आहे. हॉटेलात बसून प्यायलात तर गोष्ट वेगळी, ती सूट सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये दिली. स्टॉलवाल्याला ती नाही. रेल्वेत असा प्रकार झाला तर १३९ वर तक्रार करता येते.

आता जरा गंभीर. आपल्यातल्या निम्म्या जणांचे वडील शेती करतात. जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेड, कुठलंही गाव घ्या. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला. बियाणं घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. शेतकऱ्याने सगळं बी पेरून टाकलेलं असतं, तपासायला नमुना तो कुठून आणणार, हेही कोर्टाने समजून घेतलं. म्हणून सुट्टीत घरी गेलात की एवढं सांगा : पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या, म्हणजे तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करील. दोन हजारांचं एटीएम परवडलं, इथे पूर्ण हंगाम जातो.

जायचं कुठं?

१) आधी कंपनीकडे किंवा शाखेत लेखी तक्रार. क्रमांक आणि तारीख घ्या.
२) बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे फी नाही.
३) बाकी कशासाठीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५.
४) तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या परभणीतही आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनी बंगळूरची असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. निकाल ३ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा.

हे सगळं आपसूक मिळालेलं नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १२ वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ ला आला. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन.

शेवटी एक विनंती, आपल्या हॉस्टेलपुरती. नळ गळतो, पंखा फिरत नाही, मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. यावर रात्री दोनपर्यंत चर्चा होते आणि सकाळी सगळे गप्प. ऑफिसबाहेर तक्रार वही ठेवावी आणि प्रत्येक तक्रारीपुढे "दिली तारीख" व "झाली तारीख" असे दोन रकाने असावेत. पोरांनी पहिला भरायचा, स्टाफने दुसरा. मधलं अंतर सगळ्यांना दिसायला लागलं की नळ आपोआप दुरुस्त होतो की नाही बघा!