कांस्यातला पवित्रा

पारनेर तालुक्यातल्या गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो, आणि पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या इनामापर्यंत हलगीच्या तालावर जे चालते, ते परमुलखातून आलेल्या मनुष्यासही दुभाष्यावाचून समजते. तांबडी माती हाती देऊन झालेली सलामी पाहिली, की पुढे सांगावयाचे थोडेच उरते. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतली विद्या घेऊन 1952 साली हेलसिंकीस गेले, तेथे मॅटवर लढले, आणि कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाचे मानकरी ठरले.

त्याच हेलसिंकीच्या स्टेडियमसमोर वैनो आल्तोनेन या शिल्पकाराने घडविलेला धावपटू पावो नुर्मी उभा आहे. उभा म्हणणे खरे तर अयथार्थच, कारण एका पावलाच्या चवड्यावर सारा देहभार तोलून तो पुढे झेपावत असतो, आणि त्याचे नाव ठाऊक नसलेल्या पाहणाऱ्यालाही त्याचा वेग जाणवतो. 1912 ते 1948 या काळात ऑलिंपिकमध्ये शिल्पकलेलाही पदके दिली जात, त्यामागे आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कूबेर्तँ यांची खेळ आणि कला एकत्र नांदाव्यात ही श्रद्धा होती.

आपल्या जिल्ह्याचा क्रीडाशिल्पाच्या या परंपरेशी साक्षात संबंध आहे, ही गोष्ट अभिमानाने नमूद केली पाहिजे. वानखेडे स्टेडियमवर 1 नोव्हेंबर 2023 रोजी अनावरण झालेला सचिन तेंडुलकरांचा पुतळा नगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडविला. अनावरणानंतर चेहऱ्याच्या साम्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. परंतु माझ्या मते क्रीडाशिल्पाची परीक्षा मुखावर नव्हे, अंगविक्षेपावर करावयाची असते. चेंडू उंचावून फटकावल्यावर वर गेलेली बॅट आणि त्या चेंडूमागे गेलेली दृष्टी यांतच त्या फलंदाजाची ओळख आहे. हे काम कठीण का, ते ओतकामाची रीत पाहिली म्हणजे कळते: लोखंडी सांगाड्यावर माती चढवावयाची, तिचा साचा काढावयाचा, साच्यात मेणाचा थर द्यावयाचा, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत हजार अंशांहून अधिक तापलेला रस ओतावयाचा. मातीत चुकलेला खांदा कांस्यात सुधारत नाही.

शिल्प कसे, याइतकेच ते कोणाचे, हेही पाहावे लागते. गोव्यात कळंगुट येथे डिसेंबर 2021 मध्ये पोर्तुगालच्या रोनाल्डोचा पुतळा बसला, तेव्हा पोर्तुगीज सत्तेपासूनच्या मुक्तीच्या साठाव्या वर्षी हा मान पोर्तुगीज खेळाडूला का, आणि गोव्याचे स्वतःचे फुटबॉलपटू कोठे गेले, असा सवाल लोकांनी केला. खेळ साऱ्या जगाचा खरा. पण चौकातले शिल्प त्या चौकातल्या माणसांचेही असावे लागते, म्हणून त्या सवालाचा उत्तरार्ध मला सर्वस्वी न्याय्य वाटतो.

टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात ज्या तालुक्याने शतकानुशतके सप्तमातृका पाहिल्या, त्या तालुक्याच्या कसब्यात हगाम्यातल्या मल्लांचे एक शिल्प असावे, अशी माझी पारनेरकरांना विनंती आहे. ते कोणा एका नामांकित पुरुषाचे नसावे. एकेरी पट काढणारा एक आणि तो सोडवू पाहणारा दुसरा, एवढे पुरे. मात्र निविदा काढून कचेरीने मोकळे होऊ नये. शिल्पकाराने एखादी यात्रा आखाड्याच्या कडेला बसून पाहावी, आणि मातीचा नमुना तालमीतल्या वस्तादांनी पसंत केल्यावरच ओतकामास मंजुरी द्यावी.