विहिरीतला चमकता खडा

आटपाडी परिसरात विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे, लखलखीत खडे निघू शकतात. असा खडा काचेवर घासला, चरा उमटला, की ‘हिराच!’ असं वाटतं. पण तुरटी आणि खडीसाखर जशी नुसती पाहून ओळखता येत नाही, तसंच खनिजांचं. पाहायचं ते काठिण्य (ओरखड्याला होणारा विरोध). मोझच्या १ ते १० मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी ७, हिरा १०. म्हणजे काच साध्या गारगोटीनेही खरवडली जाते. कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) मात्र अवघं ३. त्यावर चाकूनेही चरा पडतो. त्याच्या भुकटीवर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. गारगोटीच्या भुकटीवर काहीच होत नाही.