खलाशाच्या खिशातलं ओळखपत्र

26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे दहा जण समुद्रातून आले, तेही भारतीय मच्छीमारांची ‘कुबेर’ बोट बळकावून. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीकडे सरकार दोन नजरांनी बघतं: ही पहारेकरी, की संशयित?

बोईसरजवळच्या दांडीसारख्या मच्छीमार गावाला हे जास्तच जाणवतं, कारण शेजारीच 1969 पासून चालणारं तारापूरचं अणुविद्युत केंद्र आहे.

हल्ल्यानंतर बोटींची नोंदणी कडक झाली, राज्यागणिक बोटींचे रंग ठरले, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली. ‘सागर कवच’ सरावात पोलीसच घुसखोर बनून बंदोबस्ताची परीक्षा घेतात. किनाऱ्यावर हे सारं हवंच. पण पालघर-डहाणूचे कितीतरी आदिवासी खलाशी म्हणून बोटींवर जातात. आयत्या वेळी एखादा आजारी पडला, की नाखवा बदली माणूस शोधणार, आणि त्याच्या आधारकार्डाची प्रत घरीच राहिलेली! तपासणी झाली तर जाब नाखव्याला.

गंमत म्हणजे, मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या त्या अनोळखी पोरांना ‘कोण तुम्ही?’ असं विचारलं होतं, ते तिथल्याच लोकांनी.