परदेशी जोडीदार भेटीस येताना : व्हिसाचा कोणता मार्ग निवडावा?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे बाहेरच्या जगाला ताडोबाचे वाघ आणि भामरागडचे अरण्य यांमुळे ठाऊक आहेत. आपल्या धर्मग्रामांतील चित्र मात्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी, विशेषतः परिचर्येच्या सेवेसाठी परदेशी जात आहेत आणि त्यामुळे काही घरांच्या सोयरिकी सातासमुद्रापलीकडे जुळू लागल्या आहेत. अशा वेळी आईवडील धर्मगुरूंकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात : "फादर, मुलीचा नियोजित पती प्रथमच आपल्याकडे येतो आहे. त्याने कोणता व्हिसा काढावा?"

या प्रश्नाला बहुधा झटपट उत्तर मिळते : "ई-व्हिसा काढा, घरबसल्या मिळतो." हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. व्हिसा म्हणजे केवळ देशात शिरण्याची चिठ्ठी नव्हे. आपण कशासाठी येत आहोत आणि किती दिवस राहणार आहोत, याविषयी पाहुण्याने भारत शासनाला दिलेला तो शब्द असतो. म्हणून 'स्वस्त कोणता, लवकर मिळणारा कोणता' हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : नाते आज कोणत्या टप्प्यावर आहे, येथे येऊन नेमके काय करावयाचे आहे आणि त्यासाठी किती दिवस लागतील.

एक उदाहरण घेऊ. असे समजा की बल्लारपूरच्या एका कुटुंबातील मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे आणि तेथील एका तरुणाशी तिचा विवाह ठरला आहे. नाताळात दोघेही येणार आहेत. भेटीगाठी होतील, आणि जमल्यास याच मुक्कामात विवाहही उरकून घ्यावा, असे घरच्यांच्या मनात आहे. तरुणाने तीस दिवसांचा ई-व्हिसा काढला आहे. येथे नेमके काय अडू शकते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

केवळ भेटीसाठी : पर्यटन व्हिसा

भेट, ओळख आणि थोडे पर्यटन एवढाच हेतू असेल तर ई-पर्यटन व्हिसा सर्वांत सोयीचा. भारताने ही ऑनलाइन सोय २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली. नातेवाईक व मित्रांची भेट हा या व्हिसाचा मान्य हेतू आहे. तो तीस दिवस, एक वर्ष व पाच वर्षे अशा मुदतींत मिळतो. ई-व्हिसावर ठरावीक प्रवेशस्थानांवरूनच प्रवेश मिळतो. त्यांत नागपूरचा समावेश असल्याने आपल्याकडे येणाऱ्यांची मोठी सोय होते. पासपोर्ट आगमनाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत.

तीस दिवसांच्या व्हिसाबाबत एक गैरसमज वारंवार होतो. मंजुरीपत्रावर छापलेली अंतिम तारीख ही भारतात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते. मुक्कामाचे तीस दिवस प्रत्यक्ष आगमनापासून मोजले जातात. याउलट एक व पाच वर्षांच्या व्हिसाची मुदत मंजुरीच्या दिवसापासूनच सुरू होते, आणि एवढी मुदत आहे म्हणून सलग तेवढा काळ राहता येते असे नाही. मुक्कामाची मर्यादा मंजुरीपत्रात दिलेली असते. ती नीट वाचावी.

अर्ज केवळ शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. हुबेहूब तशीच दिसणारी, परंतु जादा पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. भरलेले शुल्क परत मिळत नाही. तसेच पाकिस्तानी पासपोर्टधारक किंवा पाकिस्तानी वंशाच्या व्यक्तीला ई-व्हिसा मिळत नाही. त्यांनी भारतीय वकिलातीतच अर्ज करावा.

पर्यटन व्हिसावर आलेल्या पाहुण्याने मिस्सेस उपस्थित राहण्यास कोणतीही आडकाठी नाही. धर्मप्रवचन करणे, धार्मिक पत्रके वाटणे किंवा धर्मप्रसाराचे कार्य करणे मात्र या व्हिसात बसत नाही. आपल्याकडे पाहुणा आला की, "दोन शब्द बोला" असा आग्रह प्रेमाने होतो. गावोगावच्या प्रार्थनासभांत त्याला वक्ता म्हणून उभे करण्याचा मोह आपण टाळावा. आपल्या कौतुकाची किंमत पाहुण्याला मोजावी लागू नये.

विवाह करावयाचा असल्यास : दिवसांचा हिशेब

अमेरिकेत नियोजित वधू-वरांसाठी जसा स्वतंत्र व्हिसा आहे, तसा भारतात नाही. पर्यटन व्हिसावर आलेल्या व्यक्तीने विवाहच करू नये, असेही नाही. अडचण येते ती दिवसांची.

दोघेही कॅथलिक असतील तर विवाह ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार व १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतो. त्यासाठी परदेशी पक्षाने आपल्या धर्मग्रामातून नव्याने दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला आणि विवाहास मोकळा असल्याचे पत्र आणावे लागते. आपला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे. येणारी व्यक्ती लॅटिन परंपरेची असल्यास दोन्हीकडच्या धर्मगुरूंमध्ये पत्रव्यवहार होतो. व्यक्ती अन्य ख्रिस्ती पंथाची असेल तर बिशपांची अनुमती आणि बाप्तिस्मा न झालेली असेल तर त्यांची खास सूट घ्यावी लागते. हे काम आठवडाभरात उरकत नाही. तिकीट काढण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंना भेटावे, ते याचसाठी.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नागरी विवाह करावयाचा असेल तर हिशेब आणखी कडक होतो. नोटीस दोघांनी मिळून द्यावयाची असते, आणि ती देण्यापूर्वी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असला पाहिजे. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी आणखी तीस दिवस थांबावे लागते. आता आपल्या उदाहरणातील मुलगी आणि मुलगा दोघेही परदेशातून येणारे. म्हणजे तीस अधिक तीस, असे साठ दिवस तर कायद्यातच गेले. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या सुट्ट्या निराळ्या. तीस दिवसांचा व्हिसा येथे पुरणे शक्यच नाही. मुलगी महिनाभर आधी आली, तरी नोटिशीनंतरच्या तीस दिवसांतच वराचा व्हिसा संपून जातो.

पर्यटन व्हिसाच्या काळात भारतीय नागरिकाशी विवाह झाल्यास व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची तरतूद आहे. पण ई-व्हिसाला मुदतवाढ मिळेल किंवा त्याचा प्रकार बदलेल, या भरवशावर मंडप घालू नये. विवाह याच मुक्कामात करावयाचा असेल तर पाहुण्याने आपल्या देशातील भारतीय वकिलातीत हेतू स्पष्ट सांगून पुरेशा मुदतीचा नियमित व्हिसा मागावा. हेतू दडवून काढलेला व्हिसा पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी आड येतो. तेवढा अवधी नसेल तर या खेपेला भेट व वाङ्‌निश्चय आणि पुढच्या खेपेला विवाह, हाच शहाणपणाचा मार्ग.

विवाहानंतर : प्रवेश व्हिसा व ओसीआय

भारतीय नागरिकाच्या परदेशी पती किंवा पत्नीसाठी प्रवेश व्हिसा असतो. व्यवहारात त्याला 'एक्स व्हिसा' म्हणतात. सासरी दीर्घकाळ राहावयाचे असेल तर पर्यटन व्हिसावर पुन्हापुन्हा येण्यापेक्षा हाच मार्ग सरळ. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल आणि त्यावर वेगळा शेरा नसेल तर आगमनापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. आपल्या जिल्ह्यांत जिल्हा पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात. २०१८ पासून यातील बहुतेक कामे ई-एफआरआरओ या शासकीय संकेतस्थळावरून करता येतात.

त्यापुढचा टप्पा म्हणजे ओसीआय कार्ड, अर्थात परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची नोंद. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ७-अ नुसार भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआय धारकाचा परदेशी जोडीदार त्यासाठी अर्ज करू शकतो. मात्र विवाह नोंदविलेला असावा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा. म्हणून विवाहाची शासकीय नोंदणी लांबणीवर टाकू नये. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आईवडील, आजी-आजोबा कधीकाळी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, तिला हे कार्ड मिळत नाही. विवाह न्यायालयाने संपुष्टात आणल्यास जोडीदार म्हणून मिळालेले कार्डही रद्द होऊ शकते. कार्डधारकाला येण्याजाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मिशनरी कार्यासाठी मात्र त्यालाही खास परवानगी घ्यावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याच मुलीने किंवा मुलाने तेथील नागरिकत्व घेतले असेल तर त्यांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. मग माहेरी येण्यासाठी त्यांनाही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते.

पाहुणा दारी आल्यावर

व्हिसा मिळाला म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. परदेशी व्यक्तीला निवारा देणाऱ्याने, मग ते हॉटेल असो, चर्चचे अतिथिगृह असो वा खासगी घर असो, चोवीस तासांच्या आत तिची माहिती ऑनलाइन कळवावयाची असते. 'फॉर्म सी' या जुन्या नावाने ही नोंद सर्वांना परिचित आहे. "आपला जावईच तर आहे, त्यात काय कळवायचे?" असे म्हणून चालत नाही. घरी संगणक नसेल तर धर्मग्रामातील तरुणांनी अशा कुटुंबांना साहाय्य करावे.

ईशान्येकडील काही राज्यांप्रमाणे गडचिरोलीसाठी परदेशी व्यक्तीला संरक्षित क्षेत्राचा विशेष परवाना लागत नाही. तथापि हा जिल्हा अनेक दशके नक्षलवादाची झळ सोसत आला आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत पाहुण्याला नेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यास कल्पना द्यावी. पोलीस ठाणी, तळ तसेच भद्रावतीचा आयुध निर्माणी परिसर यांची छायाचित्रे काढू देऊ नयेत. जंगलात भटकणारे परदेशी प्रवासी अनेकदा उपग्रह फोन किंवा उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे उपकरण सोबत बाळगतात. भारतात परवानगीविना ते बाळगणे गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळांवर प्रवाशांना अटकही झालेली आहे. ते घरीच ठेवून यावे, असे आधीच कळवावे. ताडोबाच्या सफारीस जाताना मूळ पासपोर्ट जवळ असावा.

१ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. व्हिसाची मुदत उलटूनही राहिल्यास किंवा त्याच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काही आजारपण वा अन्य संकट ओढवून मुक्काम लांबणार असेल तर मुदत संपण्यापूर्वीच नोंदणी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, नंतर नव्हे.

सारांश असा : केवळ भेट असेल तर ई-पर्यटन व्हिसा, विवाह करावयाचा असेल तर आधी धर्मगुरू व विवाह अधिकारी यांच्याकडून दिवसांचा हिशेब आणि मग वकिलातीतून पुरेशा मुदतीचा व्हिसा, विवाह झाल्यावर प्रवेश व्हिसा, आणि नोंदणीकृत विवाहास दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ओसीआय. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहावे.

दूरदेशीचा मुलगा वा मुलगी आपल्या अंगणात प्रथमच पाऊल ठेवते, तो क्षण घराला वर्षानुवर्षे स्मरणात राहतो. तो क्षण कागदांच्या चिंतेत जाऊ नये, यासाठी कागद आधी आणि तिकीट नंतर, एवढे पथ्य आपण पाळू या.