घरचें बिटकॉइन बाजारांत नेतांना

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून मी माजघरांत सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत माझा पुतण्या आपला लॅपटॉप व आंगठ्याएवढें एक काळें यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, "काका, जन्मभर तुम्ही मुलांच्या वह्या तपासल्यात, आज माझी एक ओळ तपासून द्या." त्याच्या मुलीस वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता व आठ दिवसांत फी भरावयाची होती. त्यासाठीं २०१७ सालीं घेऊन ठेविलेलें बिटकॉइन विकावें असें त्यानें ठरविलें होतें. ती एक ओळ तपासतांना जें घडलें, त्यावरून या विषयाची थोडी माहिती वाचकांस करून द्यावी असें मनांत आलें. हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींनीं असें धन साठविलेलें असतें आणि वडील माणसांस त्याचा गंधही नसतो. तें घ्यावें कीं न घ्यावें, हा आजचा प्रश्न नव्हे. जें घरांत आहे तें बाहेर काढतांना हातचें जाऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यंत्रांत असतें काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या लहानशा यंत्रांत, ज्यास हार्डवेअर वॉलेट म्हणतात, नाणें मुळींच नसतें. बिटकॉइन हें २००९ सालीं सुरू झालें. त्याच्या सर्व देवघेवीची एक सार्वजनिक वही आहे व तिच्या प्रती जगांतील हजारों संगणकांवर ठेविलेल्या असतात. अमुक पत्त्यावर अमुक नाणें जमा आहे, अशी नोंद त्या वहींत असते. यंत्रांत असते ती केवळ त्या नोंदीवर सही करण्याची गुप्त किल्ली. सही यंत्राच्या आंतच होते. किल्ली बाहेर पडत नाहीं, सही केलेला कागद तेवढा बाहेर येतो. म्हणून संगणक रोगट असला तरी किल्ली सुरक्षित राहते. अशा प्रकारचें पहिलें यंत्र, ट्रेझर, प्राग येथील एका कंपनीनें २०१४ सालीं बाजारांत आणिलें.

यंत्र हरवलें अथवा बिघडलें तर किल्ली पुन्हा मिळावी यासाठीं मालकास बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दिलेले असतात. २०४८ शब्दांच्या एका ठराविक यादींतून ते निवडलेले असतात. हे शब्द ज्याच्या हातीं गेले, त्याच्या हातीं सर्वस्व गेलें असें समजावें. ते संगणकावर लिहूं नयेत, त्यांचा फोटो काढूं नये व कोणी कितीही गोड बोलून विचारले तरी सांगूं नयेत. नाणें पाठवितांना या शब्दांची गरज कधींच पडत नाहीं. जो मागतो तो चोर, हा नियम निरपवाद आहे. २०२० सालीं लेजर या फ्रेंच कंपनीच्या अडीच लक्षांहून अधिक ग्राहकांचीं नांवें व घरचे पत्ते चोरांनीं उघड केले. पुढें कित्येकांस टपालानें बनावट पत्रें, इतकेंच नव्हे तर बनावट यंत्रेंही आलीं!

ओळ तपासतांना

नाण्याचे रुपये करावयाचे तर तें एक्स्चेंजवर, म्हणजे या नाण्यांच्या पेढीवर, न्यावें लागतें. पुतण्यानें पेढीच्या खात्यांतून आपला जमा-पत्ता घेतला. तो ४२ अक्षरांचा, अर्थशून्य असा इंग्रजी अक्षरांचा व अंकांचा समूह होता. लॅपटॉपवर त्याची नक्कल करून त्यानें ती यंत्राच्या प्रोग्रॅमांत चिकटविली. पहिलीं चार अक्षरें पाहून त्याचें समाधान झालें. यंत्राच्या पडद्यावरही पत्ता उमटला.

"आतां बटण दाबूं ना, काका?"

"थांब. तूं मोबाइलवर पेढीचा मूळ पत्ता उघड. मी यंत्रावरचें वाचतों, तूं एकेक अक्षर पाहत जा."

मी वाचूं लागलों. पांच अक्षरें जुळलीं. सहाव्यास तो म्हणाला, "नाहीं, येथें दुसरें आहे." पुढील अक्षरेंही भिन्न निघालीं. त्याचा चेहरा उतरला. कोठून तरी फुकट मिळालेल्या प्रोग्रॅमाबरोबर लॅपटॉपांत एक दुष्ट प्रोग्रॅम शिरला होता. नाण्याच्या पत्त्याची नक्कल केली कीं तो गुपचूप तिच्या जागीं चोराचा पत्ता ठेवी. यंत्रावर 'नकार' दाबला, म्हणून पोरीची वर्षाची फी वांचली.

कोणी म्हणेल, एखादें अक्षर चुकलें तर यंत्रणेस कळत नाहीं काय? कळतें. अशा पत्त्याचीं शेवटचीं सहा अक्षरें आधींच्या अक्षरांवरून गणितानें काढलेलीं असतात. म्हणून हस्तदोष झाला तर पत्ता बहुधा नाकारलाच जातो. भय अशुद्ध पत्त्याचें नाहीं. भय आहे तें शुद्ध, पण परक्याच्या पत्त्याचें. येथें मला इंद्रशत्रूची कथा आठवली. इंद्रास मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें आहुति दिली. शब्द तोच, व्याकरणानें शुद्ध, पण स्वर पालटला आणि 'इंद्राचा वध करणारा' या अर्थाऐवजीं 'इंद्र ज्याचा वध करील तो' असा अर्थ होऊन वृत्र मारला गेला. अग्नींत पडलेली आहुति जशी परत घेतां येत नाहीं, तसाच हा व्यवहार आहे. बँकेंत चूक झाली तर निदान अर्ज करण्यास कोणी साहेब असतो. या वहीस साहेबच नाहीं. जी खबरदारी घ्यावयाची ती बटण दाबण्यापूर्वीच घेतली पाहिजे.

योग्य क्रम

पुढें दुसऱ्या, स्वच्छ लॅपटॉपवर आम्हीं तें काम केलें. त्याचा क्रम असा.

१. पेढी केंद्र सरकारच्या फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेली असावी. २०२३ च्या मार्चपासून अशा पेढ्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेंत आल्या आहेत. खातें स्वतःच्या नांवचें असावें. तिचें संकेतस्थळ गूगलवरील जाहिरातींतून उघडूं नये. पत्ता एकदां खात्री करून जपून ठेवावा व तेथूनच जावें.

२. नाणें व त्याचें नेटवर्क दोन्हीं जुळवावीं. टेदरसारखें नाणें इथेरियम, ट्रॉन अशा अनेक मार्गांनीं जातें. जो मार्ग पेढी स्वीकारीत नाहीं, त्यानें पाठविलें तर तें अडकतें किंवा बुडतें. एक्सआरपीसारख्या नाण्यांस पत्त्याबरोबर 'टॅग' नांवाचा अंकही द्यावा लागतो. तो विसरूं नये.

३. संगणकाच्या पडद्यावर विश्वास न ठेवतां यंत्राच्या पडद्यावरील पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. एकानें वाचावें, दुसऱ्यानें मोबाइलवरील मूळ पत्त्याशीं ताडून पाहावें. रक्कमही तशीच वाचावी.

४. आधीं अल्प रक्कम पाठवावी, मात्र ती पेढीच्या किमान मर्यादेहून कमी नसावी. वहींत नवें पान सुमारें दहा मिनिटांनीं चढतें व पेढी अशीं कांहीं पानें चढण्याची वाट पाहते. पैसे खात्यांत दिसले म्हणजे मगच उरलेलें पाठवावें.

५. दुसऱ्या खेपेस जुन्या व्यवहारांच्या यादींतून पत्ता उचलूं नये; पेढीवरून नव्यानें घ्यावा व पुन्हा वाचावा. आद्य व अंत्य अक्षरें सारखीं असलेले पत्ते चोर मुद्दाम त्या यादींत घुसवितात. २०२४ च्या मे महिन्यांत एका इसमानें अशा चुकीनें सुमारें ६ कोटी ८० लक्ष डॉलर परक्याकडे धाडले. पुढें चोरानें बहुतेक रक्कम परत केली, पण असा चोर सर्वांस लाभेल असें नव्हे.

६. विक्री होतांच रुपये बँकेंत न्यावेत; पेढीवर धन विसावूं देऊं नये. टोकियोची माउंट गॉक्स २०१४ सालीं बुडाली. आपल्याकडील वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजीं सुमारें २३ कोटी डॉलरांची चोरी झाली व ग्राहकांचीं नाणीं वर्षाहून अधिक काळ अडकून पडलीं.

कराचेंही भान ठेवावें. स्वतःच्या यंत्रांतून स्वतःच्याच खात्यांत नाणें हलविणें ही विक्री नव्हे. विक्रीच्या नफ्यावर मात्र १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर व त्यावरील उपकर लागतो, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेंतून १ टक्का आधींच कापला जातो. म्हणून खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात; फीचा हिशेब कर वजा जातांच करावा.

आमचें काम दोन दिवस चाललें. पुतण्या मधून मधून उतावीळ होई. परंतु चार दिवस हातीं असतां घाई कशाला? तिसरे दिवशीं रुपये बँकेंत आले व मुदतींत फी भरली गेली. त्या रात्रीं मीं त्यास एकच विचारलें, "बाबारे, तुझे ते २४ शब्द कोठें आहेत, हें तुझ्या बायकोस ठाऊक आहे काय?" तो गप्प राहिला. दुसरे दिवशीं ते कागदावर लिहून, लखोट्यांत बंद करून, घरच्या कपाटांत ठेवले गेले व त्यांची जागा तिला दाखविली. मालकाच्या पश्चात् कोणासही न उघडणारें धन घरांत असलें काय आणि नसलें काय, सारखेंच.