एक रंगमंच, अनेक देखावे

नाटकाचा एक अंक संपला, की पडदा पडतो. तो पुन्हा वर जातो, तेव्हा मघाचा राजवाडा नाहीसा होऊन तेथे घनदाट अरण्य उभे असते. रंगमंच मात्र तोच असतो. पालटलेला असतो तो केवळ देखावा. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातही असाच पालट घडवून आणता येतो. यंत्र तेच, त्यात साठवलेले लेख व चित्रे तीच. परंतु पडद्याचे रूप निराळे!

हे कसे घडते? संगणकाच्या सर्व भागांकडून काम करून घेणाऱ्या मूळ कार्यक्रमाला 'कर्नल' म्हणतात. लिनक्सचा कर्नल हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली लिहिला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला. तथापि कर्नल पडद्याआड राबत असतो; तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पडद्यावरील खिडक्या, चिन्हे आणि याद्या यांची मांडणी करणारे कार्यक्रम वेगळे असतात. त्यांच्या समूहास 'डेस्कटॉप वातावरण' असे नाव आहे. कर्नल हा रंगमंच, तर हे वातावरण म्हणजे देखावा होय. देखावा रंगमंचाला खिळलेला नसतो; म्हणूनच तो बदलता येतो.

लिनक्स वापरणे सामान्य माणसास अवघड जाते, हे जर्मनीतील मातिआस एट्रिख या विद्यार्थ्याच्या ध्यानी आले. १९९६ साली त्याने 'केडीई' या वातावरणाच्या कार्यास आरंभ केला. पण ते 'क्यूटी' नावाच्या ज्या साधनसंचावर आधारले होते, त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. उद्या कोणी वाट अडवली तर काय, अशी शंका अनेकांस आली. म्हणून मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या तरुणांनी १९९७ साली 'ग्नोम' हे दुसरे वातावरण उभारावयास घेतले. पुढे २००० साली क्यूटीलाही मुक्त परवाना लाभला आणि वादाचे मूळ कारण उरले नाही. तरी दोन्ही वातावरणे टिकली. 'एक्सएफसीई' हे तिसरे वातावरण यंत्रावर भार कमी टाकते. त्यामुळे जुना, मंदावलेला संगणकही त्याच्या साह्याने पुन्हा कामास येऊ शकतो.

२०११ साली ग्नोमने आपले रूप पार पालटले. कित्येकांस ते रुचले नाही. परंतु जुन्या रूपाचा मूळ मजकूर सर्वांस खुला होता. तो घेऊन काहींनी 'माते' या नावाने तेच रूप पुढे चालविले. ज्याला जे प्रिय होते, ते त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

एकाच संगणकावर अशी दोन-तीन वातावरणे सुखाने नांदू शकतात. बदल करण्यापूर्वी हातातील काम जतन करावे आणि सत्रातून बाहेर पडावे. मग प्रवेशाचा पडदा दिसतो. त्यावर बहुधा दातेरी चाकासारखे चिन्ह किंवा सत्रांची यादी असते. तेथे हवे ते वातावरण निवडून परवलीचा शब्द लिहिला, की नवा देखावा उभा राहतो. एका वातावरणाचे कार्यक्रम दुसऱ्यातही बहुधा चालतात.

मात्र थोडी सावधगिरी हवी. प्रत्येक वातावरण आपल्या आवडीनिवडी वापरणाऱ्याच्या घरकप्प्यात, टिंबाने आरंभ होणाऱ्या नावांच्या गुप्त धारिकांत नोंदवून ठेवते. काही नोंदी सामाईक असल्याने एकाची चिन्हे वा अक्षरे दुसऱ्यात उमटतात. यास्तव केवळ परीक्षा पाहावयाची असल्यास निराळे खाते उघडणे श्रेयस्कर.

देखावा कोणताही असो, नाटक ज्याचे त्यानेच रंगवायचे असते. देखावा निवडण्याचा अधिकार मात्र त्याच्याच हाती असावा, याकरिता देशोदेशींच्या माणसांनी हे श्रम केले आहेत.